कचरूच्या नावाला धोंडिबाची ओ

धोंडिबा उभ्या आयुष्यात पाण्यात उतरला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण चितेगावच्या आसपास विचारलंत तर लोक पाणबुड्या म्हणून त्यालाच दाखवतील. एका गावानं तर शाल-नारळ देऊन त्याचा सत्कारही केला होता. बुडी मारणारा खरा माणूस कचरू, आणि तो त्या वेळी मागं उभा राहून तळपायातला काटा काढत होता. धोंडिबानं त्याच्या वतीनं शाल अंगावर घेतली, नारळ घेतला, वर चार शब्दही बोलला. घरी जाताना शाल कचरूला दिली आणि नारळ दोघांनी फोडून खाल्ला.

मी करुणा. संभाजीनगरात एका शाळेत खेळ शिकवते, उन्हाळ्यात मुलांना पोहायला शिकवते. माझा स्वभाव तापट आहे असं सगळे म्हणतात. मला तो सरळ वाटतो. धोंडिबाची नि माझी ओळख पैठणच्या धरणावर, नाथसागरावर, एका शिबिरात झाली. त्या शिबिरात जे घडलं त्याचा राग नेमका कुणावर काढायचा, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. लिहून काढलं तर कदाचित कळेल, म्हणून बसले आहे.

आधी त्यांचं काम सांगते. पैठण रस्त्याच्या दोन्ही अंगांना विहिरी आहेत. कुठं मोटार खाली पडते, कुठं पाइपाच्या तोंडाची झडप, जिला इकडं फुटबॉल म्हणतात, गाळात अडकते, कुठं शेळी पडते. कधी माणूसही पडतो. मग कचरूला बोलावणं जातं. कचरूच्या कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या धोंडिबाच्या हातात. खालून एक हिसका आला तर बरं चाललंय, दोन आले तर ओढायचं. दोर अंबाडीचाच लागतो. नायलॉनचा दोर ओला झाला की हाताला काही कळू देत नाही, असं धोंडिबाचं म्हणणं.

कचरूनं बुडी मारली की काठावरच्या लोकांचं धाबं दणाणतं. पाणी हिरवं, खालचं काही दिसत नाही, वेळ जाता जात नाही. मालक कठड्यावरून वाकून कचरूच्या नावानं हाका मारायला लागतो. खालून कोण उत्तर देणार? मग हातातल्या दोराकडं बघत धोंडिबाच म्हणतो, "हाय." तेवढ्यानं सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

हे इतकी वर्षं चाललं की पाण्याबाहेरही कचरूच्या नावाला ओ देणं धोंडिबाच्याच अंगवळणी पडलं. रेशनच्या दुकानात कचरूचं नाव पुकारलं की धोंडिबा "हाय" म्हणतो. कचरूच्या मुलीच्या सोयरिकीला पाहुण्यांनी बापाला विचारलं, पोरगी किती शिकली, तर उत्तर धोंडिबानं दिलं. पाहुणे बराच वेळ त्यालाच व्याही समजून बोलत बसले. कचरूची बायको मनकर्णाबाई म्हणते, मी नवऱ्याला भाजीत मीठ कसं झालंय विचारते आणि उत्तर शेजारच्या ओट्यावरून येतं. कचरूला याचं काहीच वाटत नाही. तो मुळातच अबोल. आपलं बोलणं त्यानं धोंडिबाकडं सांभाळायला दिलंय, असं समजायचं.

शिबिर एका संस्थेनं भरवलं होतं. धरणात, खदानीत, शेततळ्यात दरवर्षी माणसं बुडतात, म्हणून पाठीला सिलिंडर लावून पाण्यात उतरणारं एक पथक इथल्याच लोकांतून उभं करायचं होतं. पोहणारे म्हणून आम्ही शहरातले चौघं-पाचजण, वाळूजच्या एका कारखान्यातला संघपाल, आणि विहिरीतल्या कामाचा म्हणून कचरू. बोलावणं एकट्या कचरूला होतं. तो धोंडिबाला घेऊन आला. संस्थेच्या माणसानं समजावून सांगितलं की जागा एकच आहे. कचरू नुसता उभा राहिला. धोंडिबा म्हणाला, आमी दोगं येकच हाव. यावर काय बोलणार? घेतलं त्यालाही बोटीवर.

शिकवणारा होता जिब्रान, आमच्याच शहरातल्या शहागंजचा. त्याच्या वडिलांचं, इलियासभाईंचं, तिथं गाद्या-उशांचं दुकान आहे. पोरानं गाद्या सोडून समुद्र गाठला. पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या बोटींवर मालवणात, अंदमानात बरीच वर्षं काढली आणि आता परत आला होता. अंगानं काटक, तोंडानं फटकळ. त्याच्याकडं दोन गोष्टींचा मोठा साठा होता. बोटीवर कसं वागायचं याचे नियम, आणि ज्यांना बुडी जमत नाही त्यांना ठेवायची नावं.

नावांचं आधी सांगते, कारण ती मला झोंबली. ज्याला खाली जाताच येत नाही, वरच तरंगतो, तो भोपळा. पाण्यात पायडल मारल्यासारखे पाय हलवतो तो सायकलवाला. घाबरून भराभरा सगळी हवा पिऊन टाकतो तो शोषखड्डा. तळाला हात घाशीत जातो, गाळ उठवतो आणि मागच्या सगळ्यांना आंधळं करतो तो नांगऱ्या. आणि सगळ्यात खालची पायरी म्हणजे गाठोडं. जो पाण्यात उतरत नाही, बोटीवर नुसता बसून राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येतो, तो गाठोडं. जिब्रान म्हणाला, समुद्रावर अशी नावं इंग्रजीत असतात, मी तुमच्यासाठी मराठी केली. आम्ही आभार मानू असं त्याला वाटलं असावं.

पहिल्याच दिवशी मी भोपळा ठरले. किती पोरांना पोहायला शिकवलं त्याची मोजदाद नाही, आणि त्या रबरी पोशाखात माझं अंग काही केल्या खाली जाईना. कमरेच्या पट्ट्यात शिसं वाढवलं तरी मी आपली वरच. जिब्रान शिडीला लटकून म्हणाला, "टीचर, भोपळा नको, पत्थर बनो." मी त्याला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. वर आल्यावर मास्क कपाळावर सरकवला म्हणून पुन्हा बोलणी खाल्ली. बोटीवरच्यांच्या लेखी कपाळावर मास्क म्हणजे माणूस संकटात आहे. मास्क खाली गळ्यात ओढायचा. मला वाटलं होतं, डोक्यावर गॉगल ठेवतात तसं बरं दिसेल.

कचरू नांगऱ्या झाला. विहिरीत दिसतच नाही, म्हणून तो डोळे मिटूनच काम करतो. सगळं हातानं चाचपायचं. धरणात तोंडावर मास्क होता, हातभर पुढचं दिसत होतं, तरी यानं डोळे मिटले, सरळ तळ गाठला आणि दोन्ही हातांनी गाळ चिवडत निघाला. आम्ही मागून चिखलाच्या ढगात. शिवाय दम धरून ठेवायची जन्माची सवय, आणि सिलिंडर लावल्यावर श्वास रोखायचाच नाही हा पहिला नियम. जिब्राननं त्याला नांगऱ्या म्हटलं तेव्हा कचरू हसला. चिडला धोंडिबा. "त्येला नावं ठिवू नका," तो म्हणाला, "त्यो हातानं बघतो."

आणि धोंडिबा स्वतः गाठोडं. हे नाव मात्र त्यानं गपगुमान घेतलं, कारण बोटीवर आपण नेमकं काय करायचं हे त्यालाच उमगत नव्हतं.

बोटीच्या नियमांनी त्याच्या डोक्याचा भुगा केला होता. विहिरीवर वर येणाऱ्याला हात द्यायचा असतो. बोटीवर शिडीजवळ जायचंच नाही, कारण ते ओझं घेऊन माणूस निसटला तर आणखी कुणाचं तरी डोकं फुटतं. विहिरीवर सामान सगळ्यांचं. बोटीवर दुसऱ्याच्या सामानाला बोट लावायचं नाही, कारण एखादा पट्टा सैल झाला तर खाली जिवाशी गाठ. ओलं एका अंगाला ठेवायचं, कोरडं दुसऱ्या. धोंडिबा मायेनं सगळ्यांचे ओले मास्क आपल्या उपरण्यानं पुसायला घ्यायचा आणि ओरडा खायचा. मग तो उपरणं ओल्या अंगाला ठेवायचा, कोरड्या अंगाला ठेवायचा, शेवटी खांद्यावरच टाकायचा. त्याचा अंबाडीचा दोर तर कुठल्याच अंगाला बसेना. जिब्रान म्हणाला, मामा, कुणाच्या पायात अडकेल, किनाऱ्यावर ठेवून या. धोंडिबानं तो गुंडाळून मांडीवर घेतला आणि दिवसभर तसाच घेऊन बसू लागला.

सगळ्यात जास्त तो एका गोष्टीपाशी अडला. जिब्राननं सांगितलं होतं, पाण्यात जोडीनं उतरायचं आणि तुमचा जोडीदार तुमच्याबरोबर पाण्यातच असतो. वरच्यावर भरवसा ठेवायचा नाही. वर तुमचं कुणी नाही असं समजा. कचरूची जोडी संघपालशी लावली होती.

धोंडिबा माझ्याकडं वळून हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, वर कुनीच नाय म्हनल्यावर खालच्यानं धीर कुनाचा धरायचा?"

मी पट्ट्यातलं शिसं मोजायला लागले. एरवी मला उत्तरं फार सुचतात.

दुपारी किनाऱ्यावर भाकरी खाताना त्यानं मन मोकळं केलं. विहिरी आटत चालल्या, जो तो बोअर घेतोय, बोअरमध्ये काय माणूस उतरणार आहे? कचरूला या पथकात घेतलं तर त्याचं भलं होईल. त्याला घ्यावं असं लई वाटतं, धोंडिबा म्हणाला, आणि घेऊ नये असंबी वाटतं. सिलिंडर पाठीला लागलं की दोर लागत नाही, आणि दोर नाही तर धोंडिबा कशाला? त्यानं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. एखादं गणित सुटत नाही तसा तो भाकरीच्या तुकड्याकडं बघत राहिला. मला त्याची इतकी दया आली की मी त्याला उगाचच रागावले, जेवा म्हटलं आधी.

आता हजेरीचं. बोट हलण्याआधी जिब्रान पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाचं नाव घ्यायचा आणि ज्याचं त्यानं ओ द्यायची. बायकोनं नवऱ्याची द्यायची नाही, भावानं भावाची द्यायची नाही. समुद्रात माणसं मागं राहून जातात ती अशीच, तो म्हणायचा. हे त्यानं रोज सांगितलं आणि धोंडिबानं रोज मान डोलावली. धोंडिबाचं नाव हजेरीत नव्हतं. गाठोड्याची कसली हजेरी? कचरूचं नाव आलं की धोंडिबा ओठ घट्ट मिटून त्याला कोपरानं ढोसायचा आणि मग कचरू दचकून "हाय" म्हणायचा. रोज आम्ही हसायचो.

त्या दिवशी वारा सुटला. नाथसागर म्हणजे काही समुद्र नव्हे, पण वारा आला की पाणी मातकट होतं, लाटा बोटीला थपडा मारायला लागतात आणि काठ होता त्यापेक्षा लांब दिसायला लागतो. जिब्राननं सगळ्यांना वर बोलावलं. आम्ही एकेक करून चढलो. संघपालला पाण्यातच मळमळायला लागलं होतं. कचरूनं त्याला धरून शिडीपर्यंत आणलं. शिडी चढताना संघपालच्या पायातला एक फिन, म्हणजे तो पोहायचा रबरी पंजा, निसटला आणि पाण्यात गेला. संघपाल वर येऊन कडेला वाकला आणि ओकायला लागला. आम्ही त्याच्याभोवती. कुणी त्याचं सिलिंडर उतरवतंय, कुणी पाणी देतंय, धोंडिबा त्याच्या पाठीवर हात फिरवतोय.

कचरू त्या फिनच्या मागं परत खाली गेला होता. हे आम्हाला नंतर कळलं. विहिरीत उतरणाऱ्यांची रीत अशी की खाली पडलेली वस्तू सोडून वर यायचं नाही. ती काढायलाच तर त्यांना बोलावलेलं असतं.

जिब्रान घाईत होता. आमच्याकडं पाठ करून लंगर वर ओढत ओढत त्यानं नावं घेतली. माझं घेतलं, मी आहे म्हटलं. संघपालचं घेतलं, तो कसाबसा हो म्हणाला. बाकीच्यांची झाली. मग कचरूचं नाव घेतलं, आणि "हाय" असं उत्तर आलं. मी ते ऐकलं. रोज ऐकायचे तसंच होतं. कोपरानं ढोसायला शेजारी कचरू नव्हता आणि संघपालच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता, मागं वळूनही न बघता, धोंडिबानं जन्मभर दिली तशी ओ देऊन टाकली होती. बोट निघाली.

बरंच पाणी मागं पडल्यावर चहा निघाला. धोंडिबानं रोजच्यासारखे दोन कप भरून घेतले, एक स्वतःचा, एक कचरूचा. दुसरा कप घेऊन तो बसल्या जागी वळला आणि तसाच थांबला. टॉवेल पांघरून बसलेल्या एकेकाच्या तोंडाकडं त्यानं निरखून पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"ताई, कचऱ्या कुटंय?"

जणू मीच त्याला कुठं ठेवला होता. मीही शोधलं. त्या एवढ्याशा बोटीत शोधण्यासारखं काय होतं? तरी मी बाकाखालीसुद्धा वाकून पाहिलं. धोंडिबानं मांडीवरच्या दोराकडं पाहिलं. दोराची दोन्ही टोकं त्याच्याच मांडीवर होती. हातातला चहा त्याच्या धोतरावर सांडत होता आणि त्याला ते कळत नव्हतं.

जिब्राननं इंजिन बंद केलं आणि विचारलं, कचरूमामांची हजेरी कुणी दिली?

"म्या," धोंडिबा म्हणाला. मग त्यानं आमच्याकडंच विचारल्यासारखं पाहिलं. "म्या दिली का?"

जिब्रान पांढराफटक पडला. त्यानं फक्त बोट वळवली. बोलले मी. जिब्रान रोज रोज सांगत होता ते कानात गेलं नाही का, म्हणून मी धोंडिबावर कडाडले. मग जिब्रानवर घसरले, की नावं घेताना माणसाच्या तोंडाकडं बघायला काय झालं होतं. मग संघपालवर, की जोडीदार मागं आहे का हे पाहायला नको? संघपाल बिचारा तोंड पुसत रडायला लागला. मग राग काढायला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, तेव्हा मी गप्प बसले.

लंगर उचललेला असल्यानं आम्ही नेमके कुठं होतो याची पाण्यावर काही खूण नव्हती. जिब्रान काठावरच्या बाभळी बघत अंदाजानं बोट नेत होता. कचरू पोहण्यात वाघ होता, पण पन्नाशी उलटलेला वाघ, आणि पाठीला सिलिंडरचं ओझं. हवा किती उरली असेल, कुणालाच माहीत नव्हतं. चालत्या बोटीत उभं राहायचं नाही हाही नियम होता. धोंडिबा पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि त्याला कुणी बस म्हटलं नाही.

मी कचरूच्या नावानं हाका मारायला लागले. सगळेच मारायला लागले. धोंडिबा मारीना. मी चिडून त्याच्याकडं पाहिलं, तर त्याचं तोंड उघडं होतं आणि आवाज फुटत नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसानं जन्मभर कचरूच्या नावाला ओ दिली होती, त्याला हाक कधी मारलीच नव्हती. दुसरा कुणी हाक मारायचा आणि हा उत्तर द्यायचा. आता आम्ही हाका मारत होतो आणि त्याच्याकडं उत्तर नव्हतं. मला रडू आलं. राग आणि रडू एकदम आलं की काय करायचं असतं कोण जाणे. मी हाका मारत राहिले.

मासेमार लोक जाळ्याची खूण म्हणून पाण्यावर प्लॅस्टिकचे रिकामे कॅन सोडतात. तसा एक निळा कॅन लाटांवर खालीवर होत होता. त्याला एक हात अडकवून कचरू तरंगत होता. दुसऱ्या काखेत संघपालचा फिन. मास्क कपाळावर नव्हता, नियमाप्रमाणं गळ्यात होता. आम्हाला पाहून त्यानं फिन वर करून दाखवला, सापडला म्हणून.

धोंडिबानं दोर फेकला. जिब्रान काही बोलणार होता, शिडीबिडीचं असेल, पण त्यानं तोंड मिटून घेतलं. कचरूनं दोराचा एक वेढा मनगटाला दिला आणि एक हिसका मारला. त्या हिसक्याबरोबर धोंडिबाचे खांदे खाली आले, मग तो हळूहळू ओढू लागला.

कचरू वर आल्यावर त्याच्या अंगावर पहिली धावून गेले ती मीच. ओरडला का नाहीत, पट्ट्याला शिट्टी बांधलेली आहे ती कशाला, ती वाजवायची नाही का, बोट निघून गेली तेव्हा माणसाला घाबरायला होत नाही का? कचरूला एवढ्या प्रश्नांची सवय नव्हती. त्यानं धोंडिबाकडं पाहिलं. उत्तर त्यानं द्यायचं असतं ना! धोंडिबा मान खाली घालून दोर गुंडाळत होता. तेव्हा नाइलाजानं कचरू स्वतः बोलला.

"वरडायचं कशाला? धोंड्या वर हाय म्हनलं. यील की घिऊन बोट."

यावर मला काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. ज्या माणसामुळं तो पाण्यात मागं राहिला होता, त्याच माणसाच्या जिवावर तो निवांत होता. यात कोण शहाणा नि कोण खुळा, याचा मी बराच विचार केला आहे.

धोंडिबाचा हात थांबला. "म्याच दिली रं तुजी ओ," तो म्हणाला. "त्येनी तुजं नाव घेतलं आन म्या हाय म्हनलं. तू नव्हता, तरी म्हनलं."

कचरूनं थोडा विचार केला. फिन संघपालच्या पायाशी ठेवला, ओल्या अंगाला, जिथं ठेवायचा असतो तिथंच.

"मंग?" तो म्हणाला. "हायच की म्या."

धोंडिबानं उपरणं तोंडाला लावलं आणि त्याची पाठ हलायला लागली. कचरू त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि पायानं दोर आपल्याकडं सरकवून राहिलेला गुंडाळू लागला.

जिब्राननं पुन्हा हजेरी घेतली. या खेपेला तो प्रत्येकापुढं येऊन उभा राहिला आणि तोंडाकडं बघून नाव घेतलं. मी आहे म्हटलं. संघपाल आहे म्हणाला. कचरूचं नाव आलं तेव्हा त्याला कुणी कोपर मारलं नाही, तरी तो आपला आपण "हाय" म्हणाला. हजेरी संपली असं आम्हाला वाटलं. आम्ही सामान आवरायला लागलो, पण जिब्रान तिथंच उभा होता.

"धोंडिबामामा," तो म्हणाला.

ते नाव हजेरीत पहिल्यांदाच आलं होतं. धोंडिबानं उपरण्यातून तोंड वर केलं. डोळे लाल होते. मग त्यानं कचरूकडं पाहिलं. जिब्रान थांबला. आपल्या नावाला ओ द्यायची वेळ त्याच्यावर यापूर्वी कधी आली होती, देव जाणे.

"हाय," कचरू म्हणाला.

ज्याची त्यानं द्यायची, हा नियम पुन्हा मोडला होता, आणि तोही जिब्रानच्या डोळ्यांदेखत. आता हा भडकणार, असं मला वाटलं. जिब्राननं कचरूकडं पाहिलं, मग धोंडिबाकडं पाहिलं. दोघंही समोर आहेत हे त्यानं नीट बघून घेतलं आणि बोट चालू केली.